मागे कोण आहे? : आरशापासून कॅमेऱ्यापर्यंत

एस.टी.च्या स्थानकावर फलाटाला लागलेली गाडी बाहेर काढायची असली की वाहक खाली उतरतो, गाडीच्या मागे जाऊन उभा राहतो आणि शिट्टी वाजवू लागतो. शिट्टी एका तालात चालू असेतो चालक गाडी मागे घेत राहतो. ताल बदलला की ब्रेक दाबतो. मालट्रकच्या बाबतीत हेच काम क्लीनर, म्हणजे ट्रकवाल्यांच्या भाषेतला किन्नर, करतो. तो 'आने दो, आने दो' असे ओरडत ट्रकच्या फळीवर तळहाताने थापा मारतो. आपण हे दृश्य इतक्या वेळा पाहिलेले असते की त्यामागचा विचार लक्षात येत नाही. चालकाला मागचे दिसत नाही, ही गोष्ट येथे मान्य केलेली आहे आणि त्यावर दुसऱ्या माणसाच्या डोळ्यांचा उपाय योजलेला आहे.

खासगी मोटार चालविणाऱ्याजवळ वाहक नसतो आणि किन्नरही नसतो. हे आम्हाला एका रविवारी सकाळी नीट कळले. आमची मोटार बारा वर्षांची जुनी. वसाहतीच्या आवारात ती सुरू केली, तिन्ही आरशांत पाहिले, मान वळवून मागच्या काचेतून पाहिले आणि रिव्हर्स गिअर टाकला. तेवढ्यात झाडांना पाणी घालणारे माळीकाका जिवाच्या आकांताने ओरडले, "थांबा!" उतरून पाहिले तर शेजाऱ्यांची तीन वर्षांची मुलगी गाडीच्या मागे उकिडवी बसून खडूने फरशीवर फुले काढीत होती. बंपर आणि ती यांत जेमतेम दोन हातांचे अंतर होते. आम्ही पाहण्यात हयगय केली नव्हती. ती आम्हाला दिसणे शक्यच नव्हते.

त्याच आठवड्यात आम्ही गाडीला मागे पाहणारा कॅमेरा बसवून घेतला. बसवताना जे शिकलो ते पुढे येईलच. पण त्याआधी एक प्रश्न डोक्यात घोळू लागला. मोटार येऊन शंभराहून अधिक वर्षे झाली. दूरचित्रवाणीही जुनीच. मग गाडीच्या मागे काय आहे ते चालकाला दाखविण्याची साधी सोय सर्वसामान्य गाड्यांत यायला एकविसावे शतक का उजाडावे लागले? तंत्र नव्हते म्हणून, की गरज कोणाला वाटली नाही म्हणून?

हातआरसा, शर्यत आणि पोलीस

सुरुवातीच्या मोटारींना आरसे नव्हते. मागून कोणी वेगाने येण्याचा संभव कमी होता आणि गाडी उघडी असल्याने मान वळवली की दिसत असे. डॉरोथी लेव्हिट या इंग्लंडमधील नामांकित मोटारचालक होत्या. त्यांनी १९०९ साली स्त्रियांसाठी मोटार चालविण्यावर एक पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी सल्ला दिला आहे की गाडीत एक छोटा हातआरसा ठेवावा. शृंगारासाठी त्याचा उपयोग आहेच, पण रहदारीत तो मधूनमधून उंच धरला तर मागचा रस्ताही दिसतो.

यानंतरचा प्रसंग अमेरिकेतला. ३० मे १९११ रोजी इंडियानापोलिस येथे ५०० मैलांची पहिली मोठी शर्यत झाली. त्या काळी शर्यतीच्या गाडीत चालकाशेजारी एक मेकॅनिक बसे आणि मागून कोण येत आहे ते सांगे. रे हॅरून या चालकाची 'मार्मन वॉस्प' ही गाडी मात्र एकाच माणसाची होती. मेकॅनिक नसेल तर मागचे कोण पाहणार, अशी तक्रार इतर स्पर्धकांनी केली. हॅरूनने डोळ्यांसमोर चौकटीत एक आरसा बसवला आणि परवानगी मिळवली. ताशी सुमारे १२० किलोमीटर या सरासरी वेगाने त्याने ती शर्यत जिंकली. मौज अशी की मैदान विटांचे असल्याने आरसा इतका थरथरत होता, की त्यात धड काही दिसतच नव्हते, असे पुढे हॅरूननेच सांगितले. पण आरसा लोकांच्या ध्यानात राहिला. १९२१ मध्ये एल्मर बर्गर यांनी रस्त्यावरील साध्या गाड्यांसाठी आरशाचे पेटंट घेतले. त्यांचा आरसा विकला गेला तो 'पोलीस हुडकणारा' अशा अर्थाच्या नावाने. वेगमर्यादा मोडणाऱ्या चालकाला पाठलाग करणारा शिपाई वेळेत दिसावा, ही त्यामागची कल्पना.

या तिन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. आरसा आला तो आपल्याला मागून कोणी गाठू नये म्हणून. लेव्हिट यांचा हातआरसा मागच्या रहदारीसाठी, हॅरूनचा प्रतिस्पर्ध्यासाठी आणि बर्गर यांचा पोलिसासाठी. तिन्ही वेळी गाडी पुढे जात होती आणि धोका मागून येणारा होता. आपणच मागे जाऊन कोणाला तरी धोका होऊ, हा विचार त्या आरशाच्या रचनेत नव्हता. आजही गाडीतला मधला आरसा दूरचा रस्ता उत्तम दाखवतो आणि बंपरजवळची जमीन मुळीच दाखवत नाही, त्याचे मूळ येथे आहे.

न दिसणारा पट्टा

हा पट्टा किती लांब असतो, हे नववीचा विद्यार्थी समरूप त्रिकोणांच्या साहाय्याने काढू शकेल. समजा, लहान मोटारीत चालकाचा डोळा जमिनीपासून १.२५ मीटर उंचीवर आहे. मागच्या काचेची खालची कड १.०५ मीटर उंचीवर आणि डोळ्यापासून २ मीटर मागे आहे. डोळ्यापासून त्या कडेला टेकून जाणारी दृष्टिरेषा २ मीटरमध्ये २० सेंटिमीटर, म्हणजे दर मीटरला १० सेंटिमीटर उतरते. दोन वर्षांच्या मुलाची उंची ८५ सेंटिमीटर धरू. दृष्टिरेषा तेवढी खाली येण्यास काचेपासून आणखी २ मीटर जावे लागतात. याचा अर्थ, काचेपासून २ मीटरच्या आत उभे असलेले मूल चालकाला दिसणार नाही. मूल बसलेले असेल आणि त्याची उंची ५० सेंटिमीटर भरत असेल, तर न दिसणारा पट्टा साडेपाच मीटरचा होतो.

आता उंच गाडी घेऊ. डोळा १.५५ मीटरवर, काचेची कड १.३० मीटरवर आणि दोहोंतील अंतर २.५ मीटर. उतार तोच, मीटरला १० सेंटिमीटर. पण उभे मूल आता साडेचार मीटरपर्यंत दिसत नाही आणि बसलेले आठ मीटरपर्यंत. उंच गाडीत बसल्यावर सगळे छान दिसते असे आपल्याला वाटते. पुढच्या दूरच्या रस्त्यापुरते ते खरेही आहे. मागच्या जवळच्या जमिनीपुरते नेमके उलट आहे. जगभर उंच गाड्यांची आवड वाढत गेली, तसतसा हा पट्टाही लांबत गेला.

बाजूच्या आरशांनी हा प्रश्न सुटत नाही, कारण ते गाडीच्या दोन्ही कडांचे दाखवतात, पाठीमागचे नाही. बाजूचे आरसे अनेकदा बहिर्गोल असतात. बहिर्गोल आरशाची आभासी प्रतिमा लहान असते, म्हणून तेवढ्याच काचेत जास्त परिसर मावतो. परंतु लहान दिसणारी वस्तू दूर आहे, असा आपल्या मेंदूचा समज होतो. वस्तू दिसते त्यापेक्षा जवळ आहे, अशी सूचना आरशावर कोरलेली असते ती यासाठी. आपल्याकडे १९९० च्या दशकात स्वस्त मोटारींना डाव्या बाजूचा आरसा बहुधा नसेच, हेही येथे आठवावे.

डोळ्यांचे काम कानांवर

दिसत नाही तर ऐकू येऊ द्यावे, हा दुसरा मार्ग. 'हॉर्न ओके प्लीज' ही अक्षरे ट्रकच्या पाठीवर पिढ्यान्‌पिढ्या रंगवली गेली. मला मागचे दिसत नाही, तेव्हा तुम्ही असाल तर आवाज द्या, असा त्यांचा अर्थ होता. ध्वनिप्रदूषण वाढते म्हणून महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ती लिहिण्यास बंदी केली.

याच्या उलट, गाडीनेच मागच्या माणसाला आवाज द्यावा, ही कल्पना जपानमध्ये आकाराला आली. मात्सुसाबुरो यामागुची यांच्या कंपनीने १९६३ साली गाडी मागे येताना 'बीप-बीप' वाजणारे यंत्र बाजारात आणले. आपल्याकडे त्याचे रूप अधिक रंगतदार झाले. रिव्हर्स गिअर पडताच एखाद्या चित्रपटगीताची चाल वाजवणाऱ्या मोटारी अनेक वाचकांना आठवत असतील. हे साधन मागच्या माणसाला सावध करते, पण चालकाला काहीच सांगत नाही. शिवाय मागे दोन वर्षांचे मूल असेल, तर त्या आवाजाचा अर्थ त्याला कळेल असे कसे गृहीत धरावे? गाण्याची चाल ऐकून ते उलट जवळ येण्याचाच संभव.

तिसरा मार्ग वटवाघळाचा. बंपरमध्ये बसविलेल्या बटणाएवढ्या चकत्या सुमारे ४० हजार हर्ट्‌झ वारंवारतेचा, म्हणजे आपल्याला ऐकू न येणारा, ध्वनी सोडतात आणि त्याच्या प्रतिध्वनीची वाट पाहतात. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. अडथळा एक मीटरवर असेल तर जाऊन-येऊन दोन मीटर अंतर कापण्यास सुमारे ६ सहस्रांश सेकंद लागतात. या वेळेवरून अंतर मोजून गाडीतला भोंगा हळू किंवा जलद वाजतो. टोयोटा कंपनीने १९८२ मध्ये आपल्या कोरोना गाडीत अशी सोय देऊ केली होती. भारतात १ जुलै २०१९ पासून प्रत्येक नव्या मोटारीत मागचा अडथळा सांगणारी अशी यंत्रणा सक्तीची झाली. भिंत, खांब किंवा दुसरी गाडी यांसाठी ती उत्तम आहे. मऊ कपडे घातलेले लहान शरीर मात्र ध्वनी कमी परत पाठवते, आणि दोन चकत्यांच्या मधल्या किंवा खालच्या जागेतील बारीक वस्तू तिच्यातून निसटू शकते.

दूरचित्रवाणी गाडीत येते

आता आमच्या मूळ प्रश्नाकडे वळू. तंत्र नव्हते का? १९५६ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या फिरत्या प्रदर्शनात 'ब्यूक सेंच्युरियन' नावाची एक नमुना गाडी ठेवली होती. तिचे छत पारदर्शक होते आणि तिला मागे पाहण्याचा आरसा नव्हता. त्याऐवजी शेपटात दूरचित्रवाणीचा कॅमेरा आणि चालकासमोर लहानसा पडदा होता. ही गाडी मिशिगन राज्यातील फ्लिंट येथील संग्रहालयाने जपून ठेवली आहे. स्वीडनच्या व्होल्वो कंपनीने १९७२ साली सुरक्षिततेच्या प्रयोगांसाठी एक गाडी दाखवली, तिच्यातही मागे पाहणारा कॅमेरा होता.

म्हणजे कल्पना जुनी आणि ती करूनही दाखवलेली. अडचण कॅमेऱ्याच्या पोटात होती. त्या काळचा दूरचित्रवाणी कॅमेरा काचेच्या निर्वात नळीवर चाले. नळीत इलेक्ट्रॉनांचा झोत प्रकाशसंवेदी पडद्यावर ओळीओळीने फिरवावा लागे. त्यासाठी जास्त विद्युतदाब, जागा आणि पैसा लागे. ही नळी खड्ड्यांवरून आदळणाऱ्या गाडीच्या मागे, धुळीत आणि पावसात, वर्षानुवर्षे टिकवणे व्यवहार्य नव्हते.

बदल झाला तो अर्धवाहकांमुळे. ऑक्टोबर १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सी.सी.डी. या साधनाची रूपरेखा आखली. मूळ हेतू संगणकाची स्मृती बनविण्याचा होता. पण लवकरच ते चित्र टिपण्यासाठी अधिक उपयोगाचे ठरले. त्याची कार्यपद्धती वर्गात सहज समजावून सांगता येते. मैदानावर ओळींनी बादल्या मांडल्या आहेत आणि पाऊस पडतो आहे, अशी कल्पना करा. पाऊस म्हणजे प्रकाश, बादलीत साठलेले पाणी म्हणजे सिलिकॉनच्या सूक्ष्म घरात साठलेला विद्युतप्रभार. पाऊस थांबल्यावर प्रत्येक बादलीतले पाणी शेजारच्या बादलीत, त्यातले पुढच्या बादलीत, असे हातोहात सरकवत मैदानाच्या कोपऱ्यातील मापापर्यंत न्यायचे आणि क्रमाने नोंदवायचे. नोंदींच्या क्रमावरून कुठे किती पाऊस पडला याचा नकाशा, म्हणजेच चित्र, तयार होते. या शोधासाठी बॉइल आणि स्मिथ यांना २००९ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. काचेची नळी गेली आणि नखाएवढी चकती आली. जपानमध्ये १९९१ च्या टोयोटा सोअरर या महागड्या गाडीत असा कॅमेरा बसवलेला होता. अमेरिकेत २००२ च्या इन्फिनिटी क्यू-४५ या गाडीत तो आला.

तरीही तो श्रीमंतांचाच राहिला. स्वस्ताईला आणखी एका पायरीची गरज होती आणि ती आली अंतराळ संशोधनातून. १९९० च्या दशकात नासाच्या जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेत एरिक फॉसम आणि त्यांचे सहकारी अंतराळयानांसाठी हलके, कमी वीज खाणारे कॅमेरे कसे करता येतील याचा शोध घेत होते. त्यांनी बादल्या सरकवण्याचे कामच टाळले आणि प्रत्येक बादलीशेजारी स्वतंत्र माप बसवले. या पद्धतीला 'सीमॉस' संवेदक म्हणतात. संगणकाच्या साध्या चिप जेथे बनतात, तेथेच हे संवेदकही बनवता येतात. पुढे मोबाईल फोनांसाठी ते प्रचंड संख्येने बनू लागले आणि किंमत कोसळली. अंतराळयानासाठी केलेला विचार आज गाडीच्या नंबर प्लेटवर अंगठ्याच्या पेराएवढ्या डबीत येऊन बसला आहे.

कायद्याला लागलेली सोळा वर्षे

येथपर्यंत सारे तंत्राचे झाले. परंतु केवळ स्वस्त झाला म्हणून कॅमेरा सर्व गाड्यांत आला असता का? अमेरिकेचा अनुभव याबाबतीत बोलका आहे. २००२ साली न्यूयॉर्क राज्यात एका बालरोगतज्ज्ञाने घराच्या आवारात आपली उंच मोटार मागे घेतली. त्यांचा दोन वर्षांचा मुलगा मागे आलेला त्यांना दिसला नाही. मुलगा दगावला. अशा अपघातांत अनेकदा चालक हा मुलाचा पालक किंवा जवळचा नातलगच असतो, ही या विषयातील सर्वांत दुःखद बाब आहे. त्या वडिलांनी आणि त्यांच्यासारख्या इतर कुटुंबांनी चिकाटीने पाठपुरावा केला. २८ फेब्रुवारी २००८ रोजी त्या मुलाच्या, कॅमेरन गुलब्रान्सेनच्या, नावाने कायदा संमत झाला.

कायद्याने २०११ पर्यंत नियम करण्यास सांगितले होते. ती मुदत पुन्हा पुन्हा लांबली. हिशेबाची अडचण होती. पैशांत मोजलेला खर्च हा पैशांत मोजलेल्या फायद्यापेक्षा जास्त निघत होता. २०१३ मध्ये कुटुंबे आणि सुरक्षा-संघटना न्यायालयात गेल्या. अखेर ३१ मार्च २०१४ रोजी नियम जाहीर झाला आणि १ मे २०१८ पासून अमेरिकेतील प्रत्येक नव्या हलक्या गाडीत कॅमेरा सक्तीचा झाला. त्या वेळच्या सरकारी अंदाजानुसार मागे येणाऱ्या गाडीखाली सापडून अमेरिकेत दरवर्षी सरासरी २१० माणसे मरत आणि १५ हजार जखमी होत. मृतांपैकी ३१ टक्के पाच वर्षांखालील मुले होती आणि २६ टक्के सत्तरीच्या वरचे वृद्ध. कॅमेरा आणि पडदा यांचा मिळून खर्च गाडीमागे १३२ ते १४२ डॉलर धरला होता. पडदा आधीच असलेल्या गाडीला ४३ ते ४५ डॉलर. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून सर्व नव्या गाड्यांत मागचे दाखवणारी किंवा ओळखणारी यंत्रणा आवश्यक झाली.

आमच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. तंत्राने आपला वाटा १९९० च्या दशकात उचलला होता. उरलेला वेळ लागला तो गाडीच्या मागचे मूल ही गाडी बनविणाऱ्याची जबाबदारी आहे, हे मान्य करण्यास. तोपर्यंत असा प्रत्येक अपघात हा एकेका कुटुंबाचा निष्काळजीपणा समजला जात होता. आकडे एकत्र मांडल्यावर दिसले की दोष पाहणाऱ्याच्या डोळ्यांत नसून काचेच्या कडेच्या उंचीत आहे.

जुन्या गाडीला कॅमेरा बसवताना

नियम नव्या गाड्यांसाठी असतात; जुन्या गाड्यांचे काय? त्यांना बाहेरून कॅमेरा बसवता येतो आणि त्यातली वीजजोडणी पाहण्यासारखी आहे. गिअरच्या खोक्यावर एक खटका असतो. रिव्हर्स गिअर पडला की तो मिटतो आणि मागचा पांढरा दिवा लागतो. कॅमेऱ्याच्या दोन तारा याच दिव्याला जोडतात. दिवा २१ वॉटचा असेल तर १२ व्होल्टला पावणेदोन अँपिअर प्रवाह घेतो. कॅमेऱ्याला त्याच्या तुलनेत फारच थोडा लागतो, म्हणून त्याच तारा त्याचा भार सहज पेलतात. चित्र वाहणारी तार डिकीच्या रबरी नळीतून आणि दाराच्या उंबऱ्यावरील पट्टीखालून पुढे पडद्यापर्यंत नेतात. तिच्यासोबत एक बारीक तार असते. दिव्याची वीज ती पडद्याला पोहोचवते आणि 'आता मागचे दाखव' असा इशारा देते. बॅटरीची ऋण तार आधी सोडणे आणि जोडणीत फ्यूज ठेवणे, ही पथ्ये गॅरेजवाला विसरला तर आपण आठवण द्यावी.

दुसऱ्याच दिवशी आम्ही खांबाला गाडी घासून टेल लॅम्पची काच फोडून घेतली! पडद्यावर खांब उजवीकडे दिसत होता, म्हणून आम्ही गाडी डावीकडे घेतली. खांब प्रत्यक्षात डावीकडेच होता. कारण शोधताना शाळेतला प्रकाशाचा धडा आठवला. चालकाचे तोंड पुढे आहे, कॅमेऱ्याचे मागे. गाडीच्या डाव्या बाजूची वस्तू मागे तोंड केलेल्या कॅमेऱ्याच्या उजव्या हाताला येते. आरशात मात्र डावीकडची वस्तू डावीकडेच राहते आणि आपल्या हातांना तीच सवय असते. म्हणून मागच्या कॅमेऱ्याचे चित्र डावे-उजवे पालटून दाखवावे लागते. आमच्या कॅमेऱ्यात ते पालटण्यासाठी तारेचा एक छोटा फास होता. तो तोडायचा की ठेवायचा हे माहितीपत्रकात लिहिले होते आणि आम्ही ते वाचले नव्हते. चित्र बरोबर आहे का हे तपासण्याची खूण सोपी आहे. मागे उभ्या असलेल्या गाडीच्या नंबर प्लेटवरील अक्षरे पडद्यावर उलटी दिसली पाहिजेत.

पडद्यावरील रंगीत रेषांबद्दलही थोडे सांगायला हवे. कॅमेरा दिशा दाखवतो, अंतर मोजत नाही. रेषा आखताना वस्तू जमिनीला टेकलेली आहे असे गृहीत धरलेले असते. टेम्पोच्या मागे बाहेर आलेल्या सळया जमिनीपासून उंच असतात. चित्रात त्या वरच्या बाजूला, म्हणजे दूरच्या रेषेपाशी दिसतात आणि प्रत्यक्षात अगदी जवळ असतात. शिवाय चित्र उमटण्यास क्षणभर लागतो. अमेरिकी नियमात ही मर्यादा दोन सेकंदांची आहे. ताशी ५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १.४ मीटर वेगाने मागे येणारी गाडी दोन सेकंदांत पावणेतीन मीटर जाते. वर काढलेला लहान गाडीचा पट्टा केवळ दोन मीटरचा होता! चित्र येईपर्यंत ब्रेकवरचा पाय उचलायचा नाही, एवढा नियम पाळला नाही तर कॅमेरा असून नसल्यासारखा.

अमेरिकेतील एका विमा-संशोधन संस्थेला आढळले की केवळ कॅमेऱ्यामुळे मागे येतानाचे, पोलिसांत नोंदलेले अपघात सुमारे १७ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे साधारण सहांतील एक. तेवढे तरी वाचले ही मोलाची गोष्ट, पण उरलेले पाच कॅमेऱ्यासमोर घडले.

शाळेत हा विषय एका तासात शिकवता येईल. मैदानात एक मोटार इंजिन बंद करून, किल्ली काढून उभी करावी. एका शिक्षकाने चालकाच्या जागी बसावे. विद्यार्थ्यांनी मागे एकेक पाऊल सरकत ८५ सेंटिमीटर उंचीची काठी उभी धरावी. काठीचे टोक दिसू लागेल तेथे खडूने खूण करावी. मग काठी ५० सेंटिमीटरची घ्यावी. खुणा जोडल्या की न दिसणारा पट्टा जमिनीवर उमटतो. तो टेपने मोजून समरूप त्रिकोणांच्या उत्तराशी ताडून पाहावा. शेवटी त्या पट्ट्यात वर्गातील किती मुले बसू शकतात ते बसवून मोजावे आणि चालकाच्या जागेवरून एकेकाने पाहावे. रिकामा दिसणारा आरसा आणि त्यामागे बसलेला निम्मा वर्ग हे दृश्य मुले विसरणार नाहीत.

जाता जाता त्यांना एवढेही सांगावे : उभ्या गाडीच्या मागे पांढरा दिवा लागला, की ती मागे येणार आहे. तो दिसताच बाजूला व्हायचे आणि लहान भावंडाचा हात धरायचा. आमच्या शेजारची मुलगी आता तो दिवा ओळखते. तरीही गाडी काढण्यापूर्वी आम्ही एकदा मागे जाऊन पाहतो. माळीकाका असले तर तेही मागे येऊन उभे राहतात, आणि कॅमेरा चालू असूनही त्यांचा हात हलेपर्यंत आम्ही ब्रेक सोडत नाही.